पाळी चुकलीय, वय कमी आहे, घरात सांगायची भीती वाटतेय: सातारा-सांगलीतल्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी काय करायचं

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल. पाळी चुकली असेल आणि दिवस राहिल्याची शंका असेल तर स्वतःच्या मनानं कुठलीही गोळी, काढा, गरम काही घेऊ नकोस, आणि "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून थांबूही नकोस. उद्याच टेस्ट कर, दोन रेघा आल्या तर एका मोठ्या बाईमाणसाला सांग आणि तिला घेऊन सरकारी दवाखान्यात जा. आणि आधीच काही घेऊन झालं असेल, अंगावरनं खूप जात असेल, ताप असेल, चक्कर येत असेल, तर हे वाचणं सोड आणि आत्ता १०८ ला फोन लाव.

मी आमच्या सातारा भागात आशाताईंच्या बरोबर किशोरी मुलींच्या बैठका घेते. पाळी, रक्त कमी असणं, असं सगळं बोलून झालं की बैठक संपल्यावर एखादी मुलगी मागं रेंगाळते आणि "माझ्या मैत्रिणीला एक विचारायचं होतं" म्हणते. मैत्रिणीचं असो नाहीतर तुझं स्वतःचं, माझं सांगणं एकच असतं: वेळेत आलेली मुलगी सुखरूप घरी जाते. लपवण्यात जे आठवडे जातात ना, तेच जिवावर येतात.

टेस्ट आणि आठवडे

टेस्टचं किट कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, चिठ्ठी लागत नाही. आशाताईंकडं निश्चय किट फुकट असतं. गावातल्या मेडिकलवाल्यासमोर तोंड उघडवत नाही हे मला कळतं, मग साताऱ्याच्या नाहीतर सांगलीच्या एसटी स्टँडजवळच्या दुकानातनं घे, तिथं कोण कुणाला ओळखत नाही. सकाळची पहिली लघवी वापर, पाच मिनिटांत बघ. दुसरी रेघ फिकट असली तरी ती "आहे" अशीच धरायची. एकच रेघ आली आणि तरी पाळी येत नसेल तर आठवड्यानं परत कर, कारण लवकर केली तर चुकीची "नाही" येऊ शकते.

आता आठवडे मोजायचं. इथं जवळजवळ प्रत्येक मुलगी फसते म्हणून नीट वाच. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासनं मोजतात, संबंध आले त्या दिवसापासनं नाही. समजा तुझी शेवटची पाळी १ जूनला सुरू झाली, संबंध १५ जूनला आले आणि आज १० ऑगस्ट आहे. तुझ्या हिशोबानं आठ आठवडे, दवाखान्याच्या हिशोबानं दहा. आणि आपल्याकडं गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंतच करता येतो, म्हणजे तू "अजून वेळ आहे" म्हणत बसलेली असतेस आणि गोळ्यांची मुदत संपून गेलेली असते. पुढचे रस्ते आहेत, पण साधा रस्ता गेला. कमी वयात पाळी तशीही मागंपुढं होते त्यामुळं मुलींना दोन-दोन महिने कळतच नाही. म्हणून संबंध आलेले असतील तर पाळी आठवडाभर जरी लांबली तरी टेस्ट करायची, लाजायचं नाही.

अजून एक गोष्ट, ही फार वेळा बघितलीय. मुलगी मेडिकलमध्ये जाऊन "पाळी यायची गोळी द्या" म्हणते, दुकानदार हार्मोनच्या गोळ्या देतो. त्यांनी गर्भ पडत नाही. पाच दिवस गोळ्या, मग आठवडाभर वाट बघणं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून परत दुसऱ्या गोळ्या, असं करत महिना सरतो. आय-पिलचं पण तसंच, ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी आहे, जितकी लवकर तितकी चांगली. दिवस राहून गेल्यावर तिचा काही उपयोग नाही.

सांगायचं कुणाला आणि कसं

आईला सांग. मला माहितीय हे लिहायला सोपं आणि करायला अवघड आहे. फार प्रस्तावना करू नकोस, स्वयंपाकघरात नाहीतर रानात जाताना दोघीच असाल तेव्हा सरळ म्हण, "आई, माझी पाळी दोन महिने आली नाही, मी टेस्ट केलीय, दिवस गेलेत. मला दवाखान्यात ने, रागवायचं ते नंतर रागाव." एवढंच. आईला सांगणं शक्यच नसेल तर मावशी, आत्या, आजी, मोठी वहिनी, शाळेतल्या विश्वासाच्या बाई, आशाताई, कुणीही एक. आणि घरातल्याच कुणीतरी हे केलं असेल, किंवा घरात सांगितलं तर जिवाला धोका असेल, तर १०९८ ला फोन कर. तो मुलांसाठीचा नंबर आहे, २४ तास चालतो, पैसे लागत नाहीत. १८ च्या वरची असशील तर १८१.

तुझ्यावर जबरदस्ती झाली असेल तर त्यात तुझी काहीही चूक नाही, काहीही म्हणजे काहीही. आणि हे नुकतंच झालं असेल तर ७२ तासांच्या आत सिव्हिलला पोच, तिथं दिवस राहू नयेत म्हणून गोळी देतात आणि एचआयव्ही होऊ नये म्हणूनही औषध सुरू करता येतं. एफआयआर झाली नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत, आणि सरकारी असो वा खाजगी, अशा मुलीवर प्रथमोपचार आणि उपचार मोफत करायचे असा कायदा आहे.

आयांनो, आता तुम्हाला. मुलगी तुमच्याकडं आली म्हणजे तुमच्यावर भरवसा ठेवून आली. पहिल्या दिवशी मारहाण, "कुणाचं आहे सांग" म्हणून उलटतपासणी, मोबाईल फोडणं, हे केलं की ती गप्प होते आणि मग खरी तारीखसुद्धा सांगत नाही, आणि तारीख चुकली की सगळा हिशोब चुकतो. तिला जेवायला घाला, शेवटची पाळी कधी आली ते शांतपणे विचारा आणि दुसऱ्या दिवशी निघा. "चार दिवसांनी बाजाराच्या निमित्तानं जाऊ", "यात्रा होऊ दे मग बघू" असं नको. आणि रात्री मागच्या दारानं कुणा ओळखीच्या डॉक्टरकडं तर मुळीच नको.

गर्भपात म्हणजे गुन्हा, हे डोक्यातनं काढा

आपल्याकडं भिंतीभिंतीवर "लेक वाचवा" लिहिलंय, सोनोग्राफी सेंटरवर गर्भलिंग निदान गुन्हा असल्याची पाटी आहे, आणि त्यातनं लोकांनी असा अर्थ काढलाय की गर्भपातच बेकायदेशीर आहे. तसं नाही. मुलगा का मुलगी बघणं गुन्हा आहे. गर्भपाताला १९७१ चा वेगळा कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि त्यात बसणारा गर्भपात पूर्ण कायदेशीर आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, आणि ही सवलत ज्यांना आहे त्यात १८ च्या आतल्या मुली आणि अत्याचार झालेल्या मुली-बायका येतात. लग्न झालेलं नसलं तरी चालतं, सुप्रीम कोर्टानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात २० ते २४ आठवड्यांसाठीही अविवाहित बाईला विवाहितेसारखाच हक्क दिला.

१८ पूर्ण असतील तर फक्त तुझी सही. नवऱ्याची नाही, बापाची नाही, त्या मुलाची तर नाहीच. १८ च्या आत असशील तर पालकाची लेखी संमती लागते. कायद्यात पालक म्हणजे मुलीची देखभाल करणारी व्यक्ती, आई-वडीलच पाहिजेत असं नाही, पण प्रत्यक्षात डॉक्टर आधी आई-वडिलांनाच विचारतात, म्हणून आई बरोबर असली तर काम सोपं होतं. आई-वडील नसतील किंवा तेच नको म्हणत असतील तर १०९८ वरनं बाल कल्याण समितीपर्यंत, म्हणजे अडचणीतल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीपर्यंत पोचा, जिल्ह्याला एक असतेच.

आणि डॉक्टरनं तुझं नाव बाहेर सांगणं हाच गुन्हा आहे, त्याला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कायद्यानं ज्यांना सांगावं लागतं तेवढ्यांनाच सांगायचं.

जायचं कुठं

सरकारी दवाखाना निवडा, कारण त्याला वेगळी परवानगी लागत नाही. सातारकरांना क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल, कराड-पाटणकडच्यांना कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, फलटणला उपजिल्हा रुग्णालय. सांगलीकरांना सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय नाहीतर मिरजेचं शासकीय मेडिकल कॉलेज. जत, आटपाडी, खटाव, माण अशा लांबच्या भागातनं येणार असाल तर आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, तिथं होत नसेल तर चिठ्ठी घेऊन तसंच पुढं जा, परत घरी येऊन आठवडा घालवू नका. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासनं केस पेपर, तपासण्या, उपचार मोफत आहेत. मोठ्या सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथल्या ताईंशी आधी बोललं तर ओपीडीत सगळ्यांसमोर सांगायची वेळ येत नाही. हे मी मुलींना मुद्दाम सांगते.

खाजगीत जायचं असेल तर दोन गोष्टी बघा. गर्भपात केंद्राचं मान्यता प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं पाहिजे, आणि डॉक्टर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस पाहिजे. आयुर्वेद, होमिओपॅथीच्या डॉक्टरला गर्भपात करायची परवानगी नाही, माणूस कितीही चांगला असला तरी. आपल्या सांगली जिल्ह्यातच मिरज तालुक्यात म्हैसाळला मार्च २०१७ मध्ये काय झालं ते विसरू नका. एका तरुण विवाहितेचा बेकायदा गर्भपात करताना जीव गेला, पोलिसांनी शोध घेतला तेव्हा पुरलेले १९ भ्रूण सापडले, आणि तो दवाखाना चालवणारा होमिओपॅथ होता. ते प्रकरण मुलींचे गर्भ पाडायचं होतं, पण बिगर परवान्याच्या खोलीत त्या बाईचा जीव ज्या कारणानं गेला त्याच कारणानं तुमच्या मुलीचाही जाईल. न ऑपरेशनची सोय, न रक्ताची सोय, न भूल देणारा डॉक्टर.

दवाखान्यात काय करतात तेही सांगते म्हणजे भीती कमी होईल. आधी तारीख विचारतात, सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, रक्तगट. ९ आठवड्यांच्या आत असेल तर डॉक्टर गोळ्या देतात, एक आधी, दुसऱ्या एकदोन दिवसांनी, मग पोटात कळा येऊन जास्तीच्या पाळीसारखं जातं. त्याच्या वरती असेल, साधारण १२ आठवड्यांपर्यंत, तर पिशवी हवेच्या दाबानं ओढून रिकामी करतात, काही मिनिटांचं काम असतं आणि बहुतेक मुली त्याच दिवशी घरी जातात. बायका त्यालाही क्युरेटिंगच म्हणतात पण आता खरवडत नाहीत, खरवडायची जुनी पद्धत अजून कुणी वापरत असेल तर दुसरीकडं जा. १२ च्या पुढं ॲडमिट व्हावं लागतं, त्रास वाढतो, म्हणून मी घाई घाई म्हणतेय.

घरच्या घरी का नाही

"त्याच गोळ्या दवाखान्यात देतात मग कुणाकडनं तरी मागवून घेतल्या तर काय?" हा प्रश्न मुलं पण विचारतात, मुलगाच कुठनंतरी गोळ्या आणून देतो. बरेच मेडिकलवाले या गोळ्या ठेवतच नाहीत, म्हणजे जे मिळतं ते चोरवाटेनं, काय आहे आणि किती जुनं आहे कळायला मार्ग नाही. पण गोळ्या अस्सल निघाल्या तरी तीन गोष्टी घरात कळत नाहीत. एक, गर्भ पिशवीत आहे का नळीत. नळीत असेल तर गोळ्यांनी तो जात नाही, अंगावरनं थोडं जातं, मुलगी म्हणते झालं, आणि काही दिवसांनी नळी फुटून पोटात रक्त साठतं. दोन, खरे आठवडे किती. दिवस जास्त असतील तर अर्धवट पडतं, तुकडे आत राहतात, रक्त थांबत नाही, जंतू होतात. तीन, अंगात रक्त किती. आपल्याकडं १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्त कमी आहे, सात-आठ हिमोग्लोबिनच्या मुलीला जास्त रक्तस्राव झेपत नाही. शिवाय रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं, नाहीतर पुढच्या बाळंतपणात बाळाला धोका.

आणि काडी घालणं, पोट चोळून घेणं, जडीबुटीचे काढे, याबद्दल काय बोलू. काडीनं पिशवीला भोक पडतं, आतडं फाटतं, धनुर्वात होतो. विषारी काढ्यानं मूत्रपिंड आणि लिव्हर जातं आणि गर्भ तसाच राहतो. जी मुलगी वाचते तिच्या नळ्या जंतुसंसर्गानं बंद होऊ शकतात, मग पुढं मूल होत नाही, आणि लग्नानंतर तोच ठपका परत तिच्यावर. "गर्भपात केला की पुढं मूल होत नाही" असं म्हणतात ते या अघोरी प्रकारांमुळं पसरलंय, नीट दवाखान्यात वेळेत केलेल्यानं सहसा तसं होत नाही.

लगेच दवाखाना गाठायच्या खुणा

गर्भपात दवाखान्यात झाला असो नाहीतर घरी काही घेतलं असो, हे पाठ कर. तासाला दोन मोठे पॅड भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय. ताप १००.४ च्या वर जाऊन उतरत नाही, थंडी वाजतेय. घाण वास येणारं पाणी जातंय. पोटात असह्य दुखतंय, एका बाजूला दुखतंय किंवा खांद्यात कळ येतेय. डोळ्यांपुढं अंधारी, ओठ पांढरे, हात गार. यातलं एक जरी असेल तरी १०८. गाडी येईपर्यंत तिला आडवं झोपवा, पाय उशीवर उंच ठेवा, खायला-प्यायला देऊ नका, आत बोळे घालू नका, एकटं सोडू नका.

दवाखान्यात खरं सांगा. कुठली गोळी, किती, कधी घेतली, काही आत घातलं का. पाकीट उरलं असेल तर बरोबर न्या. "आपोआप पडलं" म्हणून सांगितलं तर डॉक्टर चुकीच्या दिशेनं शोधत बसतात आणि तेवढ्यात मुलगी हातची जाते. रक्त द्यायला घरातले दोघंतिघं बरोबर असू देत.

पोलिस केसची भीती

खरं अडतं ते इथं, म्हणून लपवून ठेवणार नाही. मुलगी १८ च्या आत असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानं डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवलं तर त्याच्यावर केस. मुलीची संमती होती हे या वयात धरत नाहीत. मुलगाही १८ च्या आत असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. या भीतीनं आई-वडील बोगस डॉक्टरकडं जातात, मी त्यांना दोष देत नाही, पण पोरीचा जीव गेला तर केस तेव्हाही होतेच.

आता काय नीट धरून बसायचं ते ऐका. पोलिसांचं काम संपेपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. २०२२ च्या त्याच निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव-ओळख डॉक्टरनं पोलिसांना देणाऱ्या माहितीत घालायची गरज नाही. बऱ्याच डॉक्टरांना हे माहीत नसतं, तुम्ही विनंती लेखी द्या. जबाब घ्यायचा तर मुलीच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशात नाही, आणि मुलीला रात्री चौकीत ठेवता येत नाही. पेपरमध्ये नाव, फोटो, शाळा छापता येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं वकील मोफत मिळतो, अत्याचार झालेल्या मुली-बायकांसाठीच्या सरकारी सखी वन स्टॉप सेंटरची मदत मिळते, आणि अत्याचाराच्या प्रकरणात मनोधैर्य योजनेतनं अर्थसहाय्यही आहे. जबरदस्ती झाली असेल तर गर्भाचा नमुना डीएनएसाठी ठेवतात, तो पुरावा असतो. घरी पाडलं की पुरावाही गेला.

आणि घाईघाईनं लग्न लावून देणं हा उपाय नाही हो. १८ च्या आत लग्न लावणं हाच गुन्हा, त्यात मांडव घालणारे, भटजी, आईबाप सगळे येतात. ऑक्टोबर २०१७ पासनं १८ च्या आतल्या बायकोशी संबंधही बलात्कारच धरला जातो. बाळंतपणाला नाव घालायला गेलं की आधारवर वय दिसतं आणि सगळं बाहेर येतं. असं लग्न ठरत असेल तर ग्रामसेवक हेच गावचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, त्यांना नाहीतर १०९८ ला कळवा.

दिवस २४ आठवड्यांच्या वर गेले असतील, किंवा ठेवायचं असेल

२४ च्या वर बाळात मोठा दोष असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं, नाहीतर हायकोर्टात जावं लागतं, त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडं त्याच दिवशी जा. "आता कायद्यानं होत नाही मग आम्ही करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, एवढ्या दिवसांचं चोरून पाडणं म्हणजे मुलीला सरळ मरणाच्या दारात नेणं.

बाळंतपण करायचं ठरलं तर आजच नाव नोंदवा. कमी वयात बीपी वाढून झटके येणं, रक्त कमी पडणं, बाळ अपुऱ्या दिवसांचं आणि कमी वजनाचं होणं याचा धोका जास्त असतो. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, दर महिन्याला बीपी, आणि बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच. बाळ सांभाळणं शक्य नसेल तर ते बाल कल्याण समितीकडं कायद्यानं सोपवता येतं, विचार बदलायला ६० दिवस मिळतात. उसाच्या फडात, मंदिराच्या पायरीवर ठेवायची वेळ कुणावर येऊ नये.

नंतर

दोन आठवड्यांनी परत दाखवायला जायचंच, बरं वाटत असलं तरी, पिशवी पूर्ण रिकामी झाली का बघायला. सगळं आटोपल्यावर पंधरा दिवसांत परत दिवस राहू शकतात, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. निरोध, रोज घ्यायची माला-एन गोळी, छाया गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातनं दोनदा, मग एकदा), तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात सगळं फुकट आहे, तुला काय चालेल ते डॉक्टरला विचार. लोहाच्या गोळ्या तीन महिने तरी घे. झोप लागत नसेल, रडू थांबत नसेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर १४४१६ ला फोन कर, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आणि शाळा सोडायची नाही. डॉक्टरचं आजारपणाचं सर्टिफिकेट घे, त्यावर कारण लिहायची गरज नसते. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर फॉर्मची तारीख चुकवू नकोस, चुकलीच तर वर्गशिक्षिकेला उशिराच्या फॉर्मचं विचार.